मुलांना बागेतले किडे दाखवायचेत ना, मग आधी कढीपत्त्यापाशी जा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मुलगी ६ वर्षांची, मुंगी अंगावर चढली तरी किंचाळते. मुलगा ९ वर्षांचा, दिसेल त्या किड्यावर चप्पल. सोसायटीत बऱ्यापैकी बाग आहे, दिवाळीची सुट्टी येतेय, दोघांना मोबाईलपासून उठवून बाहेर काढायचंय आणि किड्यांबद्दल मजेमजेत काहीतरी शिकवायचंय, "पण मला स्वतःलाच झुरळ आणि फुलपाखरू सोडून काही ओळखता येत नाही, तर कुठले खेळ घेऊ?"

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण तुम्हाला ती अडचण वाटतेय आणि मला ती सोय वाटते. गेली १७ वर्षं मी पुण्यात शनिवारी सकाळी मुलांना घेऊन किडे बघायला जाते, कधी बागेत, कधी टेकडीवर, कधी नुसतं पार्किंगच्या कडेच्या गवतात. पहिल्या वर्षी मी मोठ्ठा चार्ट करून नेला होता. डोकं, छाती, पोट, सहा पाय, दोन मिशा, सगळं रंगीत. पंधरा मिनिटं बोलले. मुलं जांभया देत होती आणि एक पोरगी माझ्याकडे पाठ करून बसली होती, कारण माझ्याच पिशवीतून सांडलेला बिस्किटाचा चुरा मुंग्या घेऊन चालल्या होत्या आणि तिला तो कुठे नेतायत ते बघायचं होतं. चार्ट गुंडाळला, आम्ही सगळे तिच्या मागे गेलो. तो चार्ट अजून माळ्यावर पडलाय.

दुसरी गोष्ट त्यानंतर दोन-तीन वर्षांनी झाली. कीटक म्हणजे सहा पाय, मोजून बघा, असं मी ऐटीत सांगितलं आणि दुसरीतला एक मुलगा झेंडूवरच्या प्लेन टायगर फुलपाखराकडे बघून म्हणाला, ताई, ह्याला चारच आहेत. मी म्हटलं नीट मोज. त्यानं परत मोजले, मी मोजले, चारच. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की ह्या फुलपाखरांच्या कुळात पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात, चालायला वापरतच नाहीत, लांबून दिसतात चारच. पुढच्या शनिवारी त्याला सांगितलं, तू बरोबर होतास, मला माहीत नव्हतं. त्या मुलानं पुढचे चार महिने प्रत्येक फुलपाखराचे पाय मोजले हो. मी आधीच सगळं सांगून टाकलं असतं तर त्यानं कशाला मोजले असते? तेव्हा तुम्हाला काही येत नाही हे मुलांना सांगून टाका आणि तिघं मिळून शोधा.

आता किंचाळणं आणि चप्पल. मुलगी किंचाळते ती किड्याला बघून नाही, बहुतेक वेळा घरात कोणाचं तरी "ईऽऽ" ऐकून शिकलेली असते. लहान मूल किडा दिसला की आधी तुमच्या तोंडाकडे बघतं, तुम्हीही बघा एकदा, अगदी हमखास बघतं. तुमचा चेहरा आक्रसला की संपलं. पण खोटं शूर व्हायचीही गरज नाही, "मला पण जरा कसंतरी होतं, आपण इथून लांबूनच बघू" एवढं पुरतं. हातावर घे, काही होत नाही, असं म्हणून जबरदस्तीनं अळी हातावर ठेवू नका. मी सुरुवातीला हे केलंय एकदा आणि ते मूल परत आलं नाही. माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या मुलांनी कधीच किडा हातात धरला नाही आणि त्यातल्या काहींच्या नोंदी सगळ्यात चांगल्या असतात.

चपलेवाल्या मुलांबद्दल तर माझं मत जरा उलटंच आहे. किडा सगळ्यात आधी ह्याच मुलांना दिसतो, नजर तयार असते त्यांची. त्याला पाप लागतं, त्याची आई रडेल वगैरे सांगू नका, नवव्या वर्षी त्याचा उपयोग होत नाही, त्याला काम द्या. भिंग त्याच्या हातात द्या आणि सांगा, तू शोधणारा, बाकीच्यांनी तुझ्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. पहारेकरी केलेल्या पोरानं स्वतःच किडा चिरडलाय असं मी फार कमी वेळा बघितलंय.

सामान फारसं विकत आणू नका. एक मोठं भिंग, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसं, तीन-चार पट मोठं दाखवणारं. दहा पटीचं लहान मुलांना झेपत नाही, डोळ्याला चिकटवून धरावं लागतं आणि किडा तोवर पळतो. वॉटरकलरचा मऊ ब्रश, किडा उचलायला, बोटांनी चिमटीत धरला की पाय तुटतात. रुंद तोंडाची बरणी, वर जुन्या ओढणीचा तुकडा आणि रबर. एक जुनी छत्री. आज्जीच्या बांगड्या, प्रत्येकाला एक. झालं.

आता कढीपत्ता. सगळ्या खेळांमधला हा एकच करा असं कोणी म्हटलं तर मी हाच सांगेन, कारण बाकीचे खेळ एका सकाळचे आहेत आणि हा महिनाभर पुरतो. बागेत कढीपत्ता, लिंबू, नाहीतर बेलाचं झाड नक्की असेल. कोवळी पानं शोधायची आणि खालून-वरून बघायची. साबुदाण्यापेक्षाही लहान, फिकट पिवळा, गोल ठिपका एकटाच चिकटलेला दिसला तर ते लाइम बटरफ्लायचं नाहीतर कॉमन मॉरमॉनचं अंडं असणार (मॉरमॉनला मराठीत छान नाव आहे, बहुरूपी). तुमच्या नशिबानं मादी तिथेच घुटमळत असेल तर गप्प उभं राहून बघा, ती पानावर क्षणभर टेकते, पायांनी टकटक करते, उडते, दुसऱ्या पानावर जाते. पायांनी चव बघतेय ती, हेच पान माझ्या पिल्लांना चालेल का म्हणून. ही गोष्ट मुलांना सांगितली की पुढचे दोन दिवस घरात पोळीवर पाय ठेवून चव बघायचे प्रयोग होतात, त्याला माझा इलाज नाही.

अंड्यातून तीन-चार दिवसांत अळी येते आणि तुम्ही ती बघून सोडून द्याल, कारण ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा. मुद्दामच तशी असते, शीट कोण खाणार. मुलांना "पानावरची शी शोधा" असा खेळ लावला की सहा वर्षांची किंचाळणारी मुलगीसुद्धा सगळ्यात पुढे असते, स्वानुभव आहे. कात टाकत टाकत शेवटी ती एकदम हिरवीगार, बोटाएवढी जाड होते आणि पानात दिसेनाशी होते. मग ब्रशनं तिच्या पाठीला हळूच स्पर्श करायचा. डोक्यामागून केशरी-लाल दुतोंडी शिंगं बाहेर येतात आणि असा वास सुटतो की विचारू नका, कुजलेल्या लिंबासारखा. एकदाच करायचं, दहा मुलांनी दहादा नाही, तिला त्रास होतो. हे मी सांगते आणि तरी एखादं मूल गुपचूप परत करतंच.

शक्यतो झाडावरच ठेवा आणि रोज जाऊन बघा. पण बुलबुल-शिंजिर ती कधी उचलून नेतील सांगता येत नाही म्हणून एखादी घरी आणायची असेल तर फांदीसकट आणा, छोट्या बाटलीत पाणी घालून फांदी खोचा आणि बाटलीचं तोंड कापसानं बुजवा नाहीतर अळी खाली उतरून पाण्यात बुडते, दोनदा झालंय माझ्याकडे. भाजीवाल्याकडचा कढीपत्ता अजिबात घालू नका, त्यावर काय मारलंय आपल्याला कळत नाही आणि एका रात्रीत अळी काळी पडते. रोज लेंड्या झाडायच्या. मुलांना ओंजळभर लेंड्या मोजायला लावा, एवढीशी अळी किती खाते ते कळायला दुसरं काही सांगावं लागत नाही. नाव ठेवू द्या तिला. आमच्याकडच्या एकीचं नाव वडापाव होतं.

कोश करायच्या आदल्या दिवशी ती खाणं थांबवते, पातळ शी करून पोट साफ करते आणि सैरावैरा फिरायला लागते. आई लोक घाबरून मला फोन करतात तो ह्याच दिवशी, "आजारी पडलीय हो ती." नाही पडलेली. उभी काडी ठेवा, ती तिच्यावर चढेल, शेपटाकडून चिकटेल, कमरेभोवती रेशमाचा एक दोरा घेईल, खांबावर चढणारे इलेक्ट्रिकवाले पट्टा लावतात ना तसा, आणि दुसऱ्या दिवशी कोश. मग आठ-दहा दिवस काही होत नाही आणि मुलांचा धीर सुटतो, सुटू द्या, तोवर बाकीचे खेळ आहेत. थंडी पडली तर कोश जास्तच लांबतो, फेकून देऊ नका. कोश काळपट होऊन आतून पंखांची नक्षी दिसायला लागली की दुसऱ्या सकाळी लवकर उठवा पोरांना. बाहेर पडल्यावर पंख चुरगळलेले असतात, अर्ध्या-पाऊण तासात पसरतात, वाळून उडायला दोनेक तास लागतात. खाली लालसर थेंब पडतात, ते रक्त नाही, कोशातला साठलेला मळ आहे, हे आधीच सांगून ठेवा.

आणि एक गोष्ट जी कुठल्या रंगीत पुस्तकात सांगत नाहीत. कधी कधी कोशातून फुलपाखरू येत नाही. एका वर्षी आम्ही ११ मुलांनी मिळून एक कोश सांभाळला आणि एका सकाळी त्याला बारीक भोक पडलेलं आणि बरणीत चिमूटभर इवल्या इवल्या चमकणाऱ्या माश्या. परजीवी गांधीलमाशी, कोशात अंडी घालते, तिची पिल्लं आतलं सगळं खाऊन बाहेर येतात. दोन मुलं रडली. एका मुलाचे बाबा मला म्हणाले, बरणी लपवायला हवी होती तुम्ही. मला नाही पटत. मी मुलांना भिंगातून त्या माश्या दाखवल्या, त्यांनाही सहा पाय, चार पंख, आणि ही कढीपत्ता वाचवणारी माशी आहे हेही सांगितलं. रडणाऱ्या दोघांतल्या एकीनं वहीत लिहिलं, "आज ३४ बाळं झाली पण आमची नाही." मी अजून ते वाक्य विसरले नाहीये.

बरं, तोवरचे खेळ. बांगडीचा खेळ सगळ्यात सोपा. प्रत्येकाला एक बांगडी द्यायची, गवतात डोळे मिटून फेकायची आणि जिथे पडेल तिथे पालथं झोपून दहा मिनिटं फक्त बांगडीच्या आतलं बघायचं. पहिली तीन मिनिटं "इथे काहीच नाहीये" असा आरडाओरडा होतो. मग एक मुंगी, मग एक तुडतुडा, मग पानाखाली एक कोळी, आणि सातव्या मिनिटाला सगळे गप्प. घड्याळ लावून करा, दहाच्या आधी कोणाला उठू देऊ नका. मोठ्यांनीही झोपायचं बरं का, बाकावर बसून फोन बघायचा नाही.

छत्रीचा खेळ मुलांना भयंकर आवडतो. छत्री उघडून झुडपाखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठीनं दोन-तीन हलके ठोके द्यायचे. फिक्या रंगाची छत्री असेल तर उत्तम, काळ्यात काही दिसत नाही. कोळी, ढालकिडे, नाकतोड्याची पिल्लं, काड्यांसारख्या अळ्या, काय काय पडतं. जास्वंदीखाली एकदा आम्हाला प्रार्थना कीटकाची एवढीशी पिल्लं मिळाली होती, माझी आजी त्याला खंडोबाचा किडा म्हणायची. पाच मिनिटं बघायचं आणि त्याच झाडाखाली छत्री रिकामी करायची. फांद्या तोडायच्या नाहीत, ठोके म्हणजे हलवणं, धोपटणं नव्हे, हे चपलेवाल्या भिडूला आधीच समजावा.

मुंग्यांची पंगत. बाटल्यांची पाच झाकणं घ्या, एकात गुळाचं पाणी, एकात मिठाचं, एकात शेंगदाण्याचा कूट, एकात उकडलेल्या अंड्याचा तुकडा, एकात नुसतं पाणी. हातभर अंतरानं ठेवा आणि मुलांना आधी पैज लावू द्या की कुठे गर्दी होणार. सगळे गुळावर लावतात. आणि कधी गूळ जिंकतो, कधी अंड्याच्या तुकड्यावर अशी झुंबड उडते की गुळाकडे कोणी बघत नाही, कारण वारुळात पिल्लं जास्त असली की त्यांना वाढवायला प्रोटीन लागतं. मला आवडतं ते म्हणजे आधी बारीक मुंग्या येतात आणि नंतर मुंगळे येऊन त्यांना हुसकून लावतात, किंवा उलट बारीकच इतक्या येतात की मुंगळा पळतो. अर्धा तास कसा जातो कळत नाही.

भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली असेल तर त्या रांगेवरून एकदा आडवं बोट घासा. तिथे येऊन मुंग्या थबकतात, गोल फिरतात, मागे जातात. वासाचा रस्ता पुसला तुम्ही. थोड्या वेळानं कोणीतरी पलीकडे पोचते आणि रांग परत जुळते. ९ वर्षांच्या मुलासाठी ह्याचा वरचा लेव्हल असा की रांगेच्या वाटेत कागदाची पट्टी ठेवा, मुंग्या तिच्यावरून दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग पट्टी हळूच तिरकी फिरवा आणि बघा कुठे जातात. हे समजावून सांगू नका, त्यालाच विचारा असं का झालं असेल. उत्तर चुकलं तरी चालेल, पुढचा प्रयोग त्यातूनच निघतो.

मावा, म्हणजे झाडाला चिकटून बसणारा तो बारीक किडा, माहितीच असेल, वालावर, जास्वंदीच्या कळ्यांवर, रुईच्या शेंड्यावर पिवळाधमक. माव्यावर मुंग्या दिसल्या की थांबा. मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर टपटप करते आणि त्याच्या मागून गोड थेंब येतो तो पिते. गवळी आणि गाय. बदल्यात ती मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलते. आता ढालकिडा म्हणजे लाल-काळ्या ठिपक्यांचा लेडीबर्ड सगळ्यांना आवडतो, पण त्याची अळी कोणी ओळखत नाही, ती काळी-केशरी छोट्या मगरीसारखी दिसते आणि माळीकाका तिला कीड समजून चिरडतात. आपल्याकडे "किडा" आणि "कीड" हे शब्द इतके शेजारी शेजारी आहेत की हलणारी प्रत्येक गोष्ट झाडाला लागलेली कीडच वाटते. आमच्या बागेतल्या माळीकाकांना मुलांनीच ओढत नेऊन मगर मावा खाताना दाखवली. त्यानंतर ते स्वतः मुलांसाठी मगरी शोधून ठेवायला लागले.

बागेत छपराखाली, पायऱ्यांच्या आडोशाला, जिथे पाऊस लागत नाही अशी भुसभुशीत कोरडी माती असेल तर तिथे छोटी छोटी नरसाळ्यासारखी खळगी दिसतील. तळाशी अ‍ॅन्टलायन नावाच्या किड्याची अळी मुंगीची वाट बघत मातीत दडून बसलेली असते. मुंगी कडेवर आली की माती घसरते आणि खालून ही माती उडवून तिला आणखी खाली पाडते. गवताच्या काडीनं कड जराशी खरवडली की मुंगी आली समजून खालून माती उडते, लहान मुलांना हे शंभरदा केलं तरी कंटाळा येत नाही. ब्रशनं अळी तळहातावर काढली तर ती फक्त मागे मागे चालते. आणि तुमच्या मुलाला सांगायची खास गोष्ट: ही अळी असेपर्यंत शी करत नाही. सगळा साठा आतच ठेवते आणि पंख फुटून मोठी झाल्यावर एकदाच. मी कितीही शास्त्रीय माहिती सांगितली तरी दहा वर्षांनी भेटणाऱ्या मुलांना हेच आठवतं.

पाय मोजायचा खेळ सगळीकडे चालू ठेवायचा. कोळ्याला आठ, म्हणजे तो कीटक नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा, नावात किडा असून त्यालाही आठ, तो कोळ्यांच्या नात्यातला. वाणीला मोजता मोजता मुलं दमतात, तिच्या शरीराच्या बहुतेक प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या असतात आणि गोमेला एक. अळी मात्र गोंधळ घालते, पुढे सहा खरे पाय आणि मागे मांसल खोटे पाय, त्यावर आमच्याकडे भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत.

ऑक्टोबरमध्ये मैदानावर संध्याकाळी चतुरांचे थवे फिरतात ते बघायला पोरांना घेऊन जा. पिवळसर रंगाचा असेल तर तो बहुधा पँटाला, इंग्रजीत वाँडरिंग ग्लायडर. ह्यांच्यातले कित्येक पावसाळा संपला की भारतातून समुद्रावरून मालदीवमार्गे आफ्रिकेपर्यंत जातात असं संशोधकांचं म्हणणं आहे. लहानपणी आम्ही ह्यांच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो, लाज वाटते पण बांधायचो, आणि सोनकिडे काडेपेटीत बाभळीच्या पाल्यासकट घेऊन शाळेत जायचो. आजोबांना विचारा, त्यांनी पण केलं असेल. असल्या गोष्टी मुलं तुमच्या माहितीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

रात्रीचा एक कार्यक्रम करा. दोरीवर पांढरी चादर, समोर पांढरा बल्ब, साडेसात ते नऊ. चंद्र नसेल तेव्हा पतंग जास्त येतात. दिवाळी अमावस्येचीच असते पण त्या आठवड्यात सगळीकडे दिवे आणि धूर, म्हणून चार-पाच दिवस आधी नाहीतर दिवाळी उरकून थोड्या दिवसांनी करा. तुम्ही मावळ-कोकण बाजूला भातशेतीजवळ असाल तर हिरवे तुडतुडे इतके येतील की चादर हिरवी होईल. पतंगांच्या मिशा बघायला लावा, काहींच्या पिसासारख्या असतात. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते. तासा-दीड तासानं दिवा नक्की बंद करा, ते बिचारे रात्रभर तिथेच अडकतात आणि सकाळी दयाळ पक्षी येऊन त्यांचा नाश्ता करतो. रातकिडा सापडला तर त्याचे कान पुढच्या पायांवर गुडघ्याच्या जरा खाली असतात, ते भिंगातून शोधायला सांगा. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी रात्री बाहेर पडायला हरकत नाही.

आता काळजीचं. केसाळ सुरवंटाला कोणीही हात लावायचा नाही, शेवग्याच्या खोडावर तर ते थव्यानं बसतात, टेकायच्या आधी खोड बघा. केस टोचले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. लाल-केशरी आणि काळ्या पट्ट्यांचे हिंगे नावाचे किडे जास्वंदीच्या, भोपळ्याच्या फुलांवर दिसतात, त्यांच्यामुळे अंगावर फोड येतात, लांबूनच. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, रुईवरची प्लेन टायगरची पट्टेरी अळी बघायची तर पानं तोडायची नाहीत आणि हात धुवायचे. कण्हेर विषारी, पण तिच्यावर कॉमन क्रो फुलपाखराचा चांदीसारखा चकचकीत कोश लटकलेला दिसला तर मुलं वेडी होतात, तेव्हा हात मागे बांधून बघायचं. आग्या मोहोळ असेल त्या बाजूला जायचंच नाही. दगड, ओंडके, कुंड्या फक्त मोठ्यांनी उलटायच्या, आपल्याकडे ओढून उचलायच्या म्हणजे खालून साप-विंचू निघाला तर मधे आडोसा राहतो, आणि परत होत्या तशा ठेवायच्या. मधमाशी चावली तर काटा लगेच खरवडून काढा, बर्फ लावा, पण ओठ-चेहरा सुजायला लागला किंवा श्वास लागला तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, थेट हॉस्पिटल.

सोसायटीच्या ऑफिसात फवारणी कधी आहे ते आधी विचारा. एका ठिकाणी मला कोणी सांगितलंच नव्हतं, शुक्रवारी फवारलेलं आणि शनिवारी मी २२ मुलं घेऊन गेले तर गवतात मेलेल्या मधमाश्या. त्या दिवशी आम्ही त्याच मोजल्या आणि मुलांनी तो आकडा कमिटीला लिहून दिला. कढीपत्त्याची दोन-तीन झाडं तरी सोडा म्हणून मागून घ्या, सहसा नाही म्हणत नाहीत.

मोबाईलचं म्हणाल तर त्याला बाहेर नेऊ द्या, फक्त फोटोसाठी. त्याच पानाचा रोज एक फोटो, महिन्यानं ते पटापट सरकवले की अळी मोठी होताना दिसते. नाव शोधायचं तर आयनॅचरलिस्ट ह्या प्राणी-वनस्पती ओळखून देणाऱ्या ॲपवर फोटो टाका, पण आधी मुलांनी स्वतः नाव ठेवल्यानंतर. वेळ रोज दहा मिनिटं पुरे, शाळेची बस यायच्या आधीची. सुट्टीत एकदम तीन तासांचा कार्यक्रम करू नका, मुलं आणि तुम्ही दोघंही वैतागाल.

आणि बागेत कढीपत्ताच नसेल तर नर्सरीतून कुंडीतलं रोप आणा, गॅलरीत उन्हात ठेवा, बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत फुलपाखरं शोधत येतात. नर्सरीवाला हिरवीगार फवारलेली रोपं पुढे करेल, ती नकोत. मागे कुठेतरी पानं कुरतडलेली रोपं बाजूला काढून ठेवलेली असतात, त्यातलं मागा. तो आधी तुमच्याकडे विचित्र बघेल आणि मग निम्म्या किमतीत देईल, आणि नीट बघितलंत तर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी पानावर आधीच बसलेलं असेल.